उर्मिलाताईंची थाप

जुईचा हात वर गेला तेव्हा उर्मिलाताईंचा प्रश्न अजून पुरता विचारूनही झाला नव्हता.

"शेजारच्याला ठाऊक नसलेली एखादी गंमत कुणाला..." ताई म्हणत होत्या, तोवर जुई उभीसुद्धा राहिली.

"बस गो खाली," पप्पा पुटपुटले. पण दहावीत गेल्यापासून जुई एकदा उभी राहिली की सहजी बसत नसे.

दादरच्या त्या वाचनालयाचा हॉल अर्धा तास नुसता हसत होता. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते, हे सत्तरीच्या उर्मिलाताई तळपदे इतक्या गंभीरपणे सांगत होत्या की पुढच्या रांगेतल्या आजोबांना ठसका लागला. त्यांचं गमतीशीर माहितीचं पहिलं पुस्तक 'कांदा का रडवतो?' दुकानदाराने पाककृतींच्या फळीवर ठेवलं होतं. "आणि मेलं तिथेच जास्त खपलं! वर एका बाईंचं पत्र, यात भजी कुठल्या पानावर आहेत?"

अशा बाईंना आपलीही एक गंमत सांगायची म्हणून जुई नुसती उसळत होती.

"मुंगूस कधीच जांभई देत नाही!"

ताईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"कुठे वाचलंस गं?"

"माझ्या पप्पांच्या पुस्तिकेत! 'डोक्याला खुराक'. लालबागमध्ये सगळ्यांना माहितीये." तिने अभिमानाने बोट दाखवलं. पप्पा अर्धवट उठले, नमस्कार केला, बसले. दिवसा कुरियर कंपनीत नोकरी आणि रात्री ही पुस्तिका, असं सात वर्षं चाललं होतं. आज पिशवीत वीस प्रती होत्या. ताईंनी दोन शब्द लिहून दिले तर पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापायचे, असं येताना चारदा बोलून झालं होतं.

"छान," ताई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

तेवढ्यात कार्यक्रम चालवणारे हेरंब सर माइककडे सरसावले. "ताई, तो चोर पकडायचा किस्सा सांगाच!"

"राहू दे हो आज."

"सांगा, सांगा!" हॉल ओरडला. सगळ्यात मोठा आवाज जुईचा.

ताईंनी सुस्कारा सोडला. "माझ्या प्रत्येक पुस्तकात मी एक थाप घालते. घरगुती, माझ्या हातची. कसं आहे, खरी माहिती कुणाच्या बापाची नसते. थाप मात्र माझी एकटीची. ती दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली की समजायचं, साहेबांनी आपलं पुस्तक शेजारी उघडं ठेवून लिहिलंय."

टाळ्या पडल्या. जुईनेही दोन वाजवल्या. तिसरी वाजायच्या आत तिला वाचनालयातून आणलेलं ते जाड, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक आठवलं. ती पलंगावर लोळून वाचून दाखवायची, पप्पा लिहून घ्यायचे. त्यातलं मुंगूस तर तिनेच निवडलं होतं.

तिने वळून पाहिलं. पप्पा पायाने पिशवी खुर्चीखाली ढकलत होते, हळूहळू, आवाज न करता.

"मग 'कांदा'मधली थाप कोणती?" हेरंब सर पेटलेच होते. "इतकी वर्षं झाली, आज फोडाच!"

ताईंची नजर सगळीकडून फिरली आणि जुईवरून जरा घाईने पुढे गेली.

"जिराफ," त्या म्हणाल्या. "त्याच्या मानेत माणसाइतकीच सात हाडं असतात म्हणे! एवढ्या लांब मानेत सात? धडधडीत थाप."

हॉल खो खो हसला. हेरंब सरांनी डायरीत लिहून घेतलं.

सातच असतात. जुईने तीन ठिकाणी तपासलं होतं. तिचा हात सवयीने खांद्यापर्यंत आला, मग वेणीकडे वळला, आणि ती वेणीची रिबन उगाचच घट्ट करत बसली.

कार्यक्रम संपल्यावर पप्पा सरळ दाराकडे निघाले होते. ताईंनीच हाक मारली.

"अहो, 'डोक्याला खुराक'वाले ना? दाखवा तरी ती पुस्तिका."

"ताई, माझं..." पप्पांचे कान लाल झाले होते. "मुंगसाचं ते..."

"पुस्तिका म्हणते मी."

त्या उभ्याउभ्याच पानं चाळू लागल्या. मुंगसाचं पान आलं, गेलं. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"गिरणीच्या साचेखात्यात मागांचा आवाज इतका, की कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. हे कुठून आणलंत?"

"कुठून नाही. माझे वडील साच्यावर होते. घरीसुद्धा त्यांच्याशी समोर उभं राहूनच बोलायला लागायचं."

"हे माझ्याकडे नाही." ताईंनी पर्समधून पेन काढलं. "पुढच्या पुस्तकात घेऊ? तुमची हरकत नसेल तर. खाली नाव टाकून."

पप्पांचे ओठ तेवढे हलले.

"हो म्हणतायत," जुई म्हणाली. "पण नाव आजोबांचं टाका. शिवा सावंत."