देवीदासने बुजवलेली फट

मित्रांनो, मी एक जुना दस्ता आहे. रायफलचा जो लाकडी भाग नेमबाज खांद्याला टेकवतो आणि ज्याच्या पन्हाळीत लोखंडी नळी विसावते, तो मी. दचकू नका. आजवर मला कागदाच्या लक्ष्यांखेरीज कशावरही रोखलेले नाही, आणि त्यातलीही पुष्कळशी लक्ष्ये सुखरूप सुटली आहेत.

मी या रायफलचा सख्खा दस्ता नव्हे. तिच्यासोबत कारखान्यातून काळ्या प्लास्टिकचा एक दस्ता आला होता. तो रायफलचे मालक अबू नासर यांच्या मनात भरेना, म्हणून त्यांनी मला वेगळा मागवला. तुर्कस्तानातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडातून कोरले. शेवटी त्याने नळी आणि माझ्यामध्ये दोन पोस्टकार्डे जातील एवढी फट ठेवली. गोळी सुटताना नळी थरथरते, मित्रांनो, आणि तिला थरथरायला मोकळी जागा लागते. मागच्या बाजूला ती स्क्रूंनी घट्ट आवळलेली असते, पुढे मात्र अधांतरी. ती फट हेच माझे सगळ्यात मोठे काम. मी तिला धरायचे, पण तिला अडवायचे नाही.

दोहाबाहेर, वाळवंटातल्या नेमबाजीच्या क्लबात माझी सहा वर्षे मजेत गेली. अबू नासर मला स्वतः तेल लावत. "माशाल्ला," म्हणत माझ्या रेषांवरून बोट फिरवत. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा थोडी शिंगे फुटली होती.

मग अबू नासर यांचे वय झाले. हात कापू लागला. रायफलला पुढे दोन पाय हवेत, असे त्यांनी सांगितले. या घडीच्या पायांना बायपॉड म्हणतात. प्लास्टिकच्या दस्त्यांना त्याची जागा तयारच असते. माझ्या पोटाला मात्र भोक पाडून खुंटी बसवावी लागणार होती.

क्लबाच्या दुरुस्तीखोलीचे उस्ताद हैदराबादचे इलियास. त्यांनी मला उलटेसुलटे करून पाहिले आणि हात वर केले. "लोहा बोलो तो करतूं. लकड़ी का काम मेरेकू नक्को."

त्याच आठवड्यात एका बांधकाम कंपनीने क्लबाचे दरवाजे दुरुस्त करायला एक सुतार पाठवला होता. देवीदास त्याचे नाव, उदगीरकडच्या एका खेड्यातला. वय चाळिशीचे, हात रुंद, बोलणे कमी. कंपनीत तो शटरिंगचे काम करायचा, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच्या फळ्या ठोकायच्या, भर उन्हात. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवतात हे खरे, पण सकाळी सहालाच लोखंड हाताला चटके देते. गेल्या जुलैत तो साइटवर चक्कर येऊन पडला होता. डॉक्टरने बजावले होते, पुन्हा असे झाले तर मूत्रपिंडावर बेतेल.

त्याने बसवलेला दरवाजा इलियासनी दोनदा उघडून लावून पाहिला. कुरकुर नाही, की घासणे नाही. मग त्यांनी मला त्याच्यासमोर ठेवले. "ये पाँव लगा दो. जरा बी हिलना नहीं. काम अच्छा हुआ तो राहिल साब से बोल के तुमकू इधरिच रखवा लेतूं."

राहिल म्हणजे क्लबाचे मॅनेजर. आणि इधर म्हणजे एसीची खोली.

जेवणाच्या सुट्टीत देवीदासने गावाकडे बायकोला फोन लावला. मी बाकावर होतो, सगळे ऐकत होतो.

"मीना, ऐकलीस का? एवढं एक काम जमलं की उन्हात जायचंच न्हाई बग. एसीत बसून काम!"

"खरंच का? मग सावकाश करा. घाई करू नगा. अन् पाणी प्या." एका वर्षात तिला मिळालेली ही पहिली चांगली बातमी असावी.

सावकाश तर त्याने इतके केले की काय सांगू! दोरा ताणून माझा मध्य काढला. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली. खुंटीच्या आट्यांना साबण चोळला, म्हणजे लाकूड चिरणार नाही. मला कळ लागली, पण अशा हातून लागलेली कळ सुद्धा बरी वाटते. बायपॉड बसला आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिलो.

तिथेच तो थांबता तर!

त्याने मला उजेडाकडे धरले आणि त्याला ती फट दिसली. नळीच्या दोन्ही बाजूंनी आरपार उजेड. त्याच्या कपाळाला आठी पडली. मित्रांनो, ज्याने वीस वर्षे दरवाजे, खिडक्या आणि देव्हारे केले, त्याला फट म्हणजे कारागिराचा हलगर्जीपणा. कुणीतरी सांधा उघडा टाकलाय, असे त्याला वाटले. इलियास उस्ताद गुरुवारच्या स्पर्धेच्या गडबडीत होते. विचारावे तर हिंदी अडखळणारी, आणि एवढ्यातेवढ्याला विचारणारा सुतार कसला, असाही एक ताठा होता. फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वेळ मारून नेणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने अक्रोडाचा एक तुकडा शोधला, रेषेला रेष जुळवली, कागदासारख्या दोन पट्ट्या तासल्या आणि नळीच्या दोन्ही अंगांना अशा बसवल्या की कुठून उजेड येईना.

मी आतून ओरडत होतो. अरे देवीदास, नको! ती जागा मोकळीच हवी! पण लाकडाचे ओरडणे कुणाला ऐकू येते? त्याने माझ्यावर हात फिरवला आणि समाधानाने हसला. त्याच्याइतक्या प्रेमाने माझे वाटोळे कुणीच केले नसेल.

इलियासनी बायपॉड धरून मला गदागदा हलवले. काहीच हलले नाही. "वा, एकदम टाइट!" ते म्हणाले. पट्ट्या त्यांना दिसल्याच नाहीत, इतक्या त्या बेमालूम होत्या.

गुरुवारी स्पर्धेत अबू नासर नेम धरायला पोटावर आडवे झाले. माझ्या नव्या पायांवर भार आला. मी वर रेटला गेलो, पट्ट्यांनी नळीला दाबले. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या गेल्या. नळी तापली तशी तिसरी डावीकडे गेली, चौथी आणखी डावीकडे, पाचवी कागदाबाहेर. सगळ्यांसमोर अबू नासर यांचा चेहरा उतरला. ते उठून गेले.

राहिल तावातावाने खोलीत आले. "लकड़ीवाले को रायफल किसने दी?"

इलियासनी मान खाली घातली. त्यांनाही नोकरी होती. "नया आदमी है, साब," एवढेच ते पुटपुटले.

देवीदास पुढे झाला. "साब, क्या चुकी हुई? दिखाव ना. मैं अब्बी के अब्बी ठीक करता."

काय चुकले ते तिथे कुणालाच माहीत नव्हते, आणि शोधायला कुणाला सवड नव्हती. एकट्या मला माहीत होते.

"खलास," राहिल म्हणाले. "कंपनी की गाड़ी खड़ी है. यल्ला, निकलो."

जाताना त्याने मला एकदा हातात घेतले, उलटे केले, खुंटी चाचपली. त्याचे डोळे माझ्यावर चूक शोधत होते आणि त्याची नजर त्या पट्ट्यांवरूनच दोनदा फिरली. मग त्याने मला ठेवले आणि पिशवी उचलली.

अबू नासर यांच्या रायफलला नवा धातूचा दस्ता आला. मी कपाटात पडलो.

सप्टेंबरात कपाट आवरताना इलियासनी मला बाहेर काढले. सहज चाळा म्हणून त्यांनी आपल्या कामातली एक जुनी नळी माझ्यात बसवली आणि खिशातली एक रियालची नोट खालून सरकवली. फट मोकळी आहे का, हे उस्ताद लोक असेच पाहतात; स्पर्धेच्या घाईत ते राहून गेले होते. नोट अडकली. त्यांनी टॉर्च लावला. दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या दिसल्या. त्यांनी पातळ सुरी घातली. दोन्ही पट्ट्या अखंड निघाल्या. दोन मिनिटांचे काम! नोट सुळकन आरपार गेली.

त्यांनी लगेच देवीदासचा नंबर लावला. फोन त्याच्या खोलीतल्या सुरजने घेतला. दोहाच्या अल नस्र भागात एका खोलीत ते सहाजण राहत.

"देवीदासभाऊ? वो तो गाँव चले गए. अगस्त में फिर गिरे साइट पे. किडनी का हुआ कुछ. कंपनी ने वापस भेज दिया."

इलियासनी फोन खाली ठेवला. त्यांच्या तळहातावर त्या दोन पट्ट्या होत्या, कागदासारख्या.

आता मी दुरुस्तीखोलीच्या भिंतीवर टांगलेला असतो. नवा माणूस आला की इलियास मला खाली काढतात, नोट सरकवून दाखवतात आणि म्हणतात, "ये जगह खाली रहना. कायकू, वो बी सुनो." ऐकणारे मान डोलावतात. मी मात्र दर वेळी त्या रुंद हातांची वाट पाहतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेल लावा, पुसा, जपा, असे माझ्यासारखे सगळेच तुम्हाला सांगत आले असतील. माझे मागणे वेगळे आहे. कुणाला काम सांगाल तेव्हा त्याचे कारणही सांगा. आणि कुणी "काय चुकलं ते दाखवा" असे विचारत उभा असेल, तर त्याला घालवून देण्याआधी दोन मिनिटे शोधा. मी लाकूड आहे. मला सगळे ठाऊक होते आणि मला बोलता आले नाही. तुम्हाला बोलता येते.