निळ्याखालचा हिरवा

मित्रांनो, मी एक जुनी आणि दमलेली मोटार आहे. दोन दारांची, लांब नाकाची आणि अंगाच्या मानाने भलत्याच दांडग्या इंजिनाची. सन १९७० मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट गावी माझा जन्म झाला. तेव्हा माझ्यासारख्या गाड्यांवर तरुण मंडळी जीव टाकत. सिग्नलला शेजारची गाडी गुरगुरली की मीही गुरगुरत असे. आता ती हौस उरली नाही. माझे सांधे कुरकुरतात. पण खरे सांगू का, मला सगळ्यात जास्त शीण आला आहे तो रंगांचा. कुणीही यावे, मनाला येईल त्या रंगात मला बुडवावे आणि नवी झाली म्हणून टाळ्या पिटाव्यात.

माझे पहिले मालक ओडेल पेटवे. ज्या कारखान्यात मी घडले, तिथेच ते गाड्यांना रंग मारत. तेरा वर्षे त्यांनी मला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. पुढे गुडघे दुखू लागले, क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी मला विकले. नव्या मालकाने मला लाल केले. त्याच्या नंतरच्याने काळे केले आणि दोनच उन्हाळ्यांत कंटाळून एका गोठ्यामागे उभे केले. तिथे मी किती वर्षे काढली, ते मोजायचेही मी सोडून दिले होते.

एक दिवस पेटवेंची मुलगी व्हर्लीन तिथे आली. नर्सची नोकरी करून ती निवृत्त झाली होती. वडिलांच्या जुन्या कागदांतला माझा क्रमांक तिने माझ्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, आणि गुडघे टेकून चिखलातच बसली.

तिने मला टोमासेक नावाच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे नेले.

"निळी करायची," ती म्हणाली. "माझ्या लहानपणी ही निळीच होती. आई पुढे, मी मागे, असे आम्ही चर्चला जायचो. कारखान्याचा अस्सल रंग हवा, दुसरा चालायचा नाही."

टोमासेकने माझे बॉनेट उघडले. इंजिनामागच्या पत्र्यावर एक बिल्ला असतो, त्यावर रंगाचा आकडा ठोकलेला असतो. माझा बिल्ला गंजाने खाल्ला होता. त्याने तो हलक्या हाताने पुसला आणि भिंग लावले.

"पहिला आकडा चार. पुढचा तीन आहे की आठ, ते कळत नाही. पण त्या साली निळे दोनाने सुरू व्हायचे, बाई. ही निळी नव्हती."

"तुमच्या भिंगाला चष्मा लागलाय," व्हर्लीन फणकारली.

तो हसला. त्याने माझी मागची सीट काढली, दाराचे रबर सोलले. जिथे ऊन पोचत नाही आणि रंगारी आळस करतात, तिथे पहिला रंग टिकून राहतो. तिथे गडद हिरवा निघाला. टोमासेकने जुना रंगतक्ता आणला आणि मला ढकलत उन्हात नेले, कारण ट्यूबलाइटखाली सगळेच हिरवे काळे दिसतात. त्याने एकेक चौकोन त्या जागेवर धरून पाहिला. शेवटी एकावर बोट ठेवले.

"आठच. हा बघा."

"मग मला आठवतो तो निळा काय स्वप्नात होता?"

उजव्या दारावर टोमासेकने पाण्याने पॉलिश पेपर घासायला घेतला. आधी काळा गेला, मग लाल. त्याखाली निळा उघडा पडला. व्हर्लीनने विजयाने मान उडवली. पण निळ्याखाली राखाडी लांबी होती, खड्डे बुजवायला भरतात तशी. टोमासेक ती खरवडू लागला, आणि हिरव्या पत्र्यात खोल ओरखडे दिसू लागले. वेडीवाकडी तीन अक्षरे. खिळ्याने कोरलेली. तिच्याच नावाची पहिली तीन.

व्हर्लीनने तोंडावर हात ठेवला. "देवा! हे माझंच काम."

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. ओडेल आता त्र्याऐंशी वर्षांचे होते, चाकांच्या खुर्चीत. त्यांनी दारावरून बोटे फिरवली. माझ्या जुन्या पत्र्यांनी ती बोटे लगेच ओळखली.

"दोन रविवार गेले माझे हे बुजवण्यात," ते म्हणाले.

"डॅडी, तुम्ही मला रागावला का नाहीत?"

"रागावायलाच घरात आलो होतो. तू पलंगाखाली लपली होतीस. नुसते पाय दिसत होते. मोजे उलटे घातलेले." ते खोकले. "एकट्या दाराला रंग मारला तर तो वेगळा दिसतो. तुझ्या काकाच्या ट्रकसाठी आणलेला निळा उरला होता. अख्खी गाडीच रंगवून टाकली."

"आणि आई?"

ओडेलनी हिरव्या पत्र्यावर बोट ठेवले.

"हिरवा तिनंच निवडला होता. दुकानदार लाल घ्या म्हणून मागे लागला होता. ती म्हणाली, लाल काय सगळेच घेतात. निळी केली तेव्हा महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. पण एकदा मला बजावलं, पोरीला कळता कामा नये."

व्हर्लीन माझ्या मडगार्डावर हात टेकून उभी राहिली. ज्या निळ्या गाडीत आईच्या मागे बसून ती चर्चला जात असे, तिचा रंग आईला शेवटपर्यंत आवडला नव्हता, आणि आई गप्प बसून पुढे पाहत राहिली होती.

"हिरवी करा," ती टोमासेकला म्हणाली. "आणि लांबी मला द्या. हे मी भरते."

"बाई, ते माझं काम आहे. उंचवटा राहिला तर—"

"राहू दे रे," ओडेल म्हणाले. "पोरी, पातळ लाव. घाई करू नकोस. वाळल्यावर दुसरा हात."

वडील सांगत होते आणि साठीला आलेली ती मुलगी पातीने एकेक अक्षर बुजवत होती. तिचा हात कच्चा होता. अजूनही तिरप्या उन्हात माझे दार नीट पाहिले तर तिथे थोडे लाटेसारखे दिसते. टोमासेक ते पाहून उसासे टाकतो. मला त्याचे काही वाटत नाही.

मित्रांनो, हा माझा पाचवा थर आहे, आणि हा शेवटचा ठरावा अशी माझी विनंती आहे. जुन्या वस्तूला रंगवायची हौस आली, तर आधी हळूच खरवडून पाहा. आणि ज्यांनी ती पहिल्यांदा वापरली त्यांना विचारा, ते उत्तर द्यायला आहेत तोवर. व्हर्लीनला विचारायला वडील तरी होते. आईला विचारायचे मात्र राहून गेले, आणि हिरव्या रंगात व्हर्लीन मला चर्चकडे नेते तेव्हा तिच्या शेजारची, आईची सीट रिकामी असते.