लाल बुचाची बाटली

घोरूच्या डोळ्याला नेमकं काय लागलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चपट्या नाकाची कुत्री ही, डोळे आधीच बाहेर आलेले. झुडपाची काडी लागली तरी पुरतं." घरच्या सुनेला ते पटलं नाही. विमा कंपनीत दावे तपासण्याच्या कामात तिची सहा वर्षं गेली होती, आणि 'काडी लागली' असं लिहिलेल्या कागदाखालून काय काय निघतं ते तिने पाहिलं होतं. घरी आल्याआल्या तिने चार वर्षांच्या लेकीच्या सगळ्या पेन्सिलींची टोकं बघितली. मग सासूबाईंचा झाडू उलटा करून काड्या बघितल्या. काही सापडलं नाही, पण न सापडण्याने कुणाचं समाधान झालंय?

जखम बुबुळावर होती आणि खोल होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ कातडी घेऊन तिथे ठिगळ लावलं, केसाहून बारीक टाके घातले आणि घोरूच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवून त्याला घरी पाठवलं. "ठिगळ धरलं तर डोळा राहील," त्या म्हणाल्या. "नाही धरलं तर डोळा काढावा लागेल. आता सगळं तुमच्या हातात."

तुमच्या म्हणजे कुणाच्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

लेकीच्या आधी घोरू होता. लेक पोटात असताना तो तिच्या पोटाला पाठ टेकून झोपायचा आणि असा घोरायचा की आतली लेक लाथा मारायची. आता तो नरसाळ्यातून जगाकडे बघत, दारांच्या चौकटींना ठोकरत फिरत होता, आणि तिच्या काळजाचं पाणी होत होतं.

बाटल्या दोन होत्या. निळ्या बुचाची दिवसातून चार वेळा. लाल बुचाची, बाहुली मोठी करून दुखणं थांबवणारी, फक्त सकाळ-संध्याकाळ, एकेक थेंब. दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं जायला हवीत. तिने फ्रिजवर तक्ता चिकटवला. सकाळच्या चौकटी नवऱ्याच्या, कारण तो छापखान्यात पहिल्या पाळीला जायचा आणि सहाच्या आत उठायचा. दुपारच्या चौकटी सासूबाईंच्या. संध्याकाळच्या आणि रात्रीच्या तिच्या स्वतःच्या. औषध घातलं की टिक करायची. यात चुकण्यासारखं काय होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पर्स खांद्याला लावता लावता ती तक्त्यापाशी थबकली. दुपारी दोनच्या चौकटीत टिक होती.

"आई, दुपारचं औषध घातलंत?"

"अगं, दुपार व्हायचीय अजून."

"मग ही टिक कसली?"

"चहा घेताना पेन हाताला लागलं, करून टाकली. घालणारच आहे ना मी!"

"टिक औषध घातल्यावर करायची असते, आई."

"तू मला टिक शिकवू नकोस. चाळीस वर्षं सामानाच्या यादीवर मी आधी खूण केली आणि मग पिशवी उचलली. आजवर एक वस्तू यायची राहिली नाही."

"ही सामानाची यादी नाही, डोळा आहे."

सासूबाईंनी कप ठेवला तो जरा जोरातच. मग तिने घरात नियमच करून टाकला. ज्याची चौकट त्यानेच भरायची, दुसऱ्याच्या चौकटीला कुणी हात लावायचा नाही.

"बरं हो, तपासनीसबाई," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून तक्त्यावरची एकही खूण तिला खरी वाटेना. आणि नवऱ्याची सकाळची चौकट तर रोज कोरीच. त्याला तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर तो 'घातलं की' म्हणाला असता. दावा करणारे सगळे तेच म्हणतात. आठ वाजता सासूबाई अंघोळीला गेल्या की ती गुपचूप घोरूला मांडीवर घ्यायची, लाल बुचाचा एक थेंब सोडायची, बाटली पुसून जागेवर ठेवायची. निळं दिवसात आणखी तीनदा पडणारच होतं, लाल चुकलं तर डोळा दुखला असता. टिक करायची नाही. चौकट नवऱ्याची होती, आणि कोरी चौकट हा पुरावा होता. एकदा औषधाचे तीन आठवडे भरले की तो पुरावा ती त्याच्यापुढे ठेवणार होती.

सहाव्या दिवशी घोरूचं बिनसलं. ओठांच्या कडेला फेस यायला लागला, जीभ मात्र कोरडी, सुकलेल्या चिंधीसारखी. पाणी पी पी प्यायचा आणि दोन दिवस शी नाही. उजेड आला की सोफ्याखाली शिरू बघायचा, पण नरसाळं अडकायचं, मग तसाच अर्धा बाहेर बसून धापा टाकायचा. तिने छातीवर हात ठेवला तर हृदय धडधडत नव्हतं, पळत होतं. दुखऱ्या डोळ्यातली बाहुली कोटाच्या बटणाएवढी झाली होती, आणि डोळ्यात ओल म्हणून नव्हती.

तिच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी याला काहीतरी चारलंय.

संध्याकाळी लेकीचे केस विंचरताना तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आजी घोरूला काय देते गं दिवसा?"

लेक आरशात स्वतःची जीभ बघत होती. "काई नाई."

"काहीच नाही?"

"आजी म्हणते, आईला सांगू नको."

तिच्या हातातला कंगवा थांबला. "काय सांगू नको?"

"तेच. सांगू नको असं." आईला साधं मराठी कळत नाही की काय, अशा नजरेनं लेकीने तिच्याकडे पाहिलं. "मग मी कशी सांगू?"

त्याच रात्री तिने बाटल्यांवर पेनाने बारीक रेघ मारली. निळी बाटली रेघेखाली हवी तेवढीच उतरली. लाल बाटली दोन दिवसांत भलतीच खाली गेली. म्हणजे कुणीतरी ती वापरत होतं, नाहीतर ओतून टाकत होतं. आणि मग तिला आठवलं की सासूबाईंचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्या अजूनही 'डोळे चरचरतात गं' म्हणत कुठलीशी बाटली डोळ्यांत पिळत असतात. त्या बाटलीचं बूच कुठल्या रंगाचं होतं?

सासूबाई लेकीला खाली खेळायला घेऊन गेल्या तशी ती त्यांच्या खोलीत शिरली. वरचा खण उघडला. चष्म्याची घरं, रबरबँडचा गोळा, गुडघ्याचं मलम, आणि डोळ्यांची बाटली. बूच पांढरं होतं. ती बाटली उजेडात धरून लेबल वाचत असतानाच दार वाजलं.

"काय शोधतेस?"

"सुई-दोरा."

"सुई-दोरा तुझ्याच कपाटात असतो," सासूबाई म्हणाल्या. पाण्याची बाटली विसरली म्हणून त्या परत आल्या होत्या. त्यांनी तिच्या हातातलं औषध घेतलं, खणात ठेवलं, खण लावला. "आणि शिवायचं काय होतं तुला? माझं तोंड?"

दोघींच्या त्यानंतरच्या बोलण्यात 'मीठ द्या' आणि 'दार लावा' यापलीकडे काही उरलं नाही. रात्री नवऱ्याला तिने सांगितलं, "तुझी आई काहीतरी लपवतेय." नवरा म्हणाला, "आईही तुझ्याबद्दल तेच म्हणत होती," आणि कूस वळवून झोपला. याचं म्हणणं तरी काय खरं मानायचं?

नवव्या दिवशी दाखवायला जायचं होतं. एरवी ती एकटी गेली असती. या वेळी तिने सगळ्यांना यायला लावलं. लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. तिला सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी बघायचे होते.

डॉक्टरीणबाईंनी घोरूच्या डोळ्याच्या कडेला कागदाची पट्टी लावून अश्रू मोजले. पट्टी जवळजवळ कोरडीच राहिली. मग त्यांनी भिंगातून बघितलं, छातीला नळी लावली, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ठिगळाची कड पांढरी पडतेय. डोळा सुकलाय, ओल नाही तर ते धरणार कसं? बाटल्या आणल्यात?"

तिने बाटल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी लाल बुचाची उचलून तिरकी केली. "ही महिनाभर सहज पुरते. नऊ दिवसांत अर्धी? कोण पितंय हे?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने घोरूकडे पाहिलं, कारण तेवढाच एक कुणाकडे बघत नव्हता.

"सकाळी कोण घालतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," तिघंही म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली.

"तू घालतोस?" ती नवऱ्याला म्हणाली. "कधी?"

"पावणेसहाला. रोज. तुझी शप्पथ."

"मग टिक?"

"टिक कशाने करू? पेन तू उशाशी घेऊन झोपतेस! अंधारात तुझ्या उशीखाली हात घातला तर ओरडशील."

"मेल्या, सांगायचंस तरी!" सासूबाईंनी पिशवीतून एक छोटी वही काढली. "शाळेत डबा विसरायचा, चपला विसरायचा. मला वाटलं, हेही विसरतोय. चौकट कोरीच की रोज! ही साडेआठला निघून गेली की मी लाल घालायचे, निळं दुपारी घालतेच. चौकटीला हात लावायचा नाही म्हणून हुकूम होता, म्हणून मी इथे लिहून ठेवलं." वहीत ओळीने लिहिलं होतं: सोमवार, विसरला. मंगळवार, विसरला. बुधवार, विसरला. "नातीलाही सांगितलं, आईला बोलू नकोस, बाबाला उगाच बोलणी बसतील."

"आणि संध्याकाळी?" डॉक्टरीणबाई.

"संध्याकाळी ही पोरीला भरवून मग आठला घालायची. औषध सातचं. तोवर काय मी बघत बसू? लालचा एक थेंब मी सातलाच सोडायचे."

तिने बोटांवर हिशोब केला. सकाळचे तीन, संध्याकाळचे दोन. दिवसाच्या दोन थेंबांचे पाच थेंब, आणि त्यातले दोन तिच्या हातचे. तो फेस, ती पळणारी छाती, सुकलेला डोळा. कुणी काही चारलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाने घोरूवर जीव टाकला होता आणि दुसऱ्यावर काडीचा विश्वास ठेवला नव्हता.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "लाल बंद. निळी चार वेळा, शिवाय हे डोळ्यात ओल ठेवणारं औषध दर दोन तासांनी. सहा दिवसांनी आणा. कड गुलाबी झाली तर वाचलो, नाही तर डोळा काढायची तारीख ठरवू. आणि आता औषध एकाच माणसाने घालायचं. दिवसभर घरी कोण असतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही." डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही बाटलीला हात लावायचा नाही. तक्ताही काढा. आणि रेघा मारू नका." पेनाची रेघ त्यांना दिसली होती.

ते सहा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. कामावर दुसऱ्यांचे दावे तपासताना तिचा जीव घरच्या घड्याळात अडकलेला असायचा. फोन उचलायची आणि ठेवायची. तक्ता फाडला होता, फ्रिजवर त्याच्या चार कोपऱ्यांचा चिकटपणा राहिला होता, तिथे तिची नजर येताजाता जायची.

पाचव्या दिवशी तिला सुटी होती. दोन वाजले, औषधाची वेळ. सासूबाईंच्या खोलीतून काही आवाज येईना. दोन वाजून सात मिनिटांनी तिने दार ढकललं. सासूबाई खुर्चीत, डोळे मिटलेले, घोरू पायाशी, दोघं एका सुरात घोरत होते. टेबलावर बाटल्या. घातलं होतं का? घोरूच्या पापणीवर ओल होती, पण ती जुनी असू शकत होती. तिचा हात बाटलीपर्यंत गेला. बोटांना बूच लागलंसुद्धा.

मग तिने हात मागे घेतला आणि सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला. "आई, दोन वाजून गेले."

सासूबाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "माहितीये. पहिलं घातलं. पाच मिनिटं थांबायचं असतं दुसऱ्याला."

"सात झाली."

"तर मग जरा दोन मिनिटं झोप लागली असेल. गुन्हा झाला?" त्यांनी एक डोळा उघडला. "घालते. तू बाहेर हो. तू बघत राहिलीस की माझा हात कापतो."

पहिलं खरंच घातलं होतं की आता सावरून घेतलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. ती बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. दाराला कान लावायची इच्छा तिने कशीबशी दाबली. कान लावला, पण अर्धाच.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भिंगातून इतका वेळ बघितलं की नवऱ्याने दोनदा घसा खाकरला. "गुलाबी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "धरलंय."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. ती मात्र उभीच होती. "पण दिसतंय का त्याला? त्या डोळ्याने?"

डॉक्टरीणबाईंनी नरसाळं काढलं, घोरूचा चांगला डोळा तळव्याने झाकला आणि कापसाचा छोटा बोळा त्याच्या तोंडासमोर वरून सोडला. घोरूचं डोकं कापसाबरोबर खाली गेलं.

"आवाजाने वळला असेल."

"म्हणून तर कापूस. त्याला आवाज नसतो."

"हात हलला तुमचा. वारा लागला असेल. पुन्हा एकदा करा ना."

"अगं, बास!" नवरा म्हणाला.

"तुम्हीच टाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि घोरूचा चांगला डोळा झाकलेलाच ठेवून कापूस तिच्या हातात दिला.

तिने श्वास रोखून, हात अगदी लांब धरून, बोळा सोडला. घोरूने मान उचलली, जबडा उघडला, आणि कापूस अधांतरीच गट्टम केला.

"अरे! गिळला!" तिने त्याचं तोंड धरलं. "डॉक्टर, गिळला त्याने! पोटात गेला तर काही होत नाही ना? आई, धरा ना त्याला, तुम्ही का हसताय?"

"दिसल्याशिवाय खाल्ला का त्याने?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि तिच्याबरोबर घोरूचा जबडा उघडायला वाकल्या.