बनाबाईच्या बोलीवर लाल रेघ

शेवगावच्या स्टँडामागं गहिनीनाथचा कॉम्प्युटर क्लास होता. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका कंपनीचा राधाकृष्ण नावाचा माणूस तिथं आला. शाळांसाठी मराठी लिहायचं सॉफ्टवेअर ते करत होते, नाव ठेवलं होतं 'दौत'. चुकीचा शब्द टाइप झाला की त्याच्याखाली लाल रेघ यायची.

"पण चूक काय आणि बरोबर काय, हे आम्ही पुण्यात बसून ठरवणार नाही," तो म्हणाला. "तुमच्यासारखे स्वयंसेवक ठरवतील. अगदी पहिल्या आखणीपासून. सॉफ्टवेअर तुमचंच समजा."

हायस्कुलात मराठी शिकवणारी यशोधरा त्या दिवशी तिथं होती. तिच्या वर्गातली पोरं तोंडानं अशी गोष्ट सांगत की ऐकत राहावं; वहीवर लिहायला लावली की तीच पोरं मुकी होत. हे काम आपलंच आहे असं तिला वाटलं. तिनं माणसं जमवली. पाथर्डीहून पंकजा ही कॉलेजातली मुलगी जीपला लोंबकळत यायची. दोन शिक्षक, एक टायपिस्ट, स्वतः गहिनीनाथ. दर रविवारी बैठक, चहा गहिनीनाथचा.

भांडणंही झाली. गहिनीनाथ म्हणाला, "मॅडम, 'हाय' न् 'न्हाई' बरोबर धरलं, तर मग चुकीचं म्हणायचं तरी कशाला?"

"निबंधात चूक धरा ना," यशोधरा म्हणाली. "पण पोरीनं आजीचं बोलणं आजीच्या शब्दांत लिहिलं, तर त्यात चूक कुठंय?"

बऱ्याच वादानंतर तोडगा निघाला. अवतरण चिन्हातल्या मजकुराला बोलीचा वेगळा कोश लावायचा. राधाकृष्णनं स्वतः फळ्यावर 'मान्य' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मग शब्द गोळा करायचं काम सुरू झालं. यशोधराची आई बनाबाई हिनं अर्धा जन्म ऊसतोडीला काढला होता. पंकजा तिच्यासमोर बसून टाइप करायची.

"कोयता म्हंजी निस्ता कोयता न्हाई बरं का," बनाबाई सांगायची. "नवरा-बायकूच्या जोडीला बी कोयताच म्हंत्यात. मुकादम इचारायचा, किती कोयते आनले? आन् आमी ऱ्हायचो ती कोपी. उसाच्या पाचटाची झोपडी." मधेच हसून म्हणायची, "माजं बोलनं कुनी लिव्हून घेईल, असं सपनात बी न्हवतं."

पुढच्या वर्षी नगरच्या एका सभागृहात 'दौत'चं प्रकाशन ठरलं. स्वयंसेवकांना आग्रहाचं बोलावणं आलं. बनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून लेकीबरोबर आली. सगळ्यांच्या छातीला बिल्ले लावले, मागच्या रांगेत बसवलं. पुढं पाहुण्यांची भाषणं झाली. मग स्वयंसेवकांची प्रतिनिधी म्हणून यशोधराला व्यासपीठावर बोलावलं. कॉम्प्युटरला मोठा टीव्ही जोडला होता. तिच्या हाती टाइप करून दाखवायचा मजकूर दिला होता, 'सूर्य पूर्वेला उगवतो' अशा चालीचा.

तिनं तो बाजूला ठेवला आणि अवतरण चिन्ह देऊन आईचं वाक्य टाइप केलं: "आमी ऊस तोडाया गेल्तो, तवा पोरगी कोपीत हुती."

'ऊस', 'तवा', 'पोरगी' आणि 'कोपीत' तेवढे सुटले. बाकी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ उमटली. वर चौकट आली: 'अशुद्ध शब्द. दुरुस्त करा.'

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"सर, बोलीचा कोश कुठंय?" यशोधरानं विचारलं. माईक चालू होता.

राधाकृष्ण हसतच जवळ आला. "ताई, ते आपण नंतर बोलू."

"आत्ता बोलू. फळ्यावर मान्य कुणी लिहिलं होतं?"

"तज्ज्ञ समितीला पटलं नाही. शाळेचं सॉफ्टवेअर आहे, पालक काय म्हणतील? पुढच्या आवृत्तीत बघू. तुमचे ऊसतोडीचे शब्द मात्र घेतलेत आम्ही. अर्थासकट. समितीला फार आवडले."

"म्हणजे कोयता घेतला आणि कोयत्यावरची बाई वगळली?" यशोधराचा आवाज चिरकला. "समिती कधी नेमली? आम्हाला का नाही सांगितलं? आखणी आमची म्हणालात, मग निकाल तुमच्या खोलीत कसा लागला? आणि 'अशुद्ध'! हा शब्द आमच्या घरात जुना आहे, सर. माझ्या आज्याला पाणवठ्यावर तो ऐकवलेला आहे. तुम्ही तो माझ्या आईच्या तोंडाला परत लावलात, आणि वर मला टाळ्या घ्यायला उभं केलंत!"

माईक बंद झाला. खाली बनाबाई पंकजाला विचारत होती, "पोरी, लाल रेघा कशापायी मारल्यात?" पंकजा व्यासपीठाकडे बघू लागली. टाइप तिनंच केलं होतं सगळं. यशोधरा खाली आली आणि तिनंच आईला खरं सांगितलं. बनाबाईनं बिल्ला काढून खुर्चीवर ठेवला, पदर सावरला.

"चल घरी," एवढंच म्हणाली.

शेवगावला परतल्यावर गट फुटला. 'दौत' शाळाशाळांत बसवून देणं, शिकवणं हे काम स्वयंसेवकांनी करायचं ठरलेलं होतं. यशोधरानं नकार दिला, पाठोपाठ शिक्षकांनी दिला. गहिनीनाथला मात्र कंपनीनं तालुक्याची एजन्सी देऊ केली होती. "मॅडम, माझं पोट यावर आहे," तो खाली बघून म्हणाला. तिनं वाद घातला नाही, पण त्याच्या क्लासची पायरीही पुन्हा चढली नाही.

शिकवायला माणसं नाहीत म्हणून शाळा अडून बसल्यावर कंपनीनं नवी फ्लॉपी धाडली. 'अशुद्ध शब्द'च्या जागी आता 'शब्द कोशात नाही' असं येत होतं. सोबत 'ग्राहकांच्या सूचनेनुसार सुधारणा' अशी ओळ होती. ती वाचून यशोधराचा संताप आणखीच वाढला. ग्राहक! वर्षभराचे रविवार घालून ती ग्राहक ठरली होती.

नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सम्राट नावाचे प्राध्यापक होते. बोलीला जागा देणारं सॉफ्टवेअर आपणच करायचं म्हणून पंकजा त्यांना घेऊन आली. शाळेच्या एका वर्गात सगळे बसले.

"तुम्ही शब्द द्या, प्रोग्राम मी लिहितो," सम्राट उत्साहानं म्हणाले.

"थांबा," यशोधरा म्हणाली. "आधी हे ठरू द्या. तुमचं-आमचं जुळलं नाही, तर शेवटचा निर्णय कुणाचा?"

"ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही. राधाकृष्णवर होता."

सम्राटांचं तोंड उतरलं, पण ते उठून गेले नाहीत. ती सगळी दुपार त्याच एका गोष्टीवर गेली. गटाला विचारल्याशिवाय एकही शब्द कुणी काढायचा नाही, असं ठरलं तेव्हा कुठं कॉम्प्युटर सुरू झाला.

उन्हाळ्यापर्यंत एका फ्लॉपीत मावेल एवढा प्रोग्राम तयार झाला आणि काही शाळांत गेलाही. नव्या शब्दांसाठी पंकजा बनाबाईकडे गेली, तेव्हा ती भाकरी थापत होती.

"च्या पी, भाकर खा," बनाबाई म्हणाली. "पर त्या पेटीसाठी मला बोलाया लावू नगंस."

यशोधरानं त्यानंतर आईला कधीच आग्रह केला नाही. राधाकृष्णला मात्र तिनं माफ केलं नाही.