न झालेल्या प्रशिक्षणाचा दाखला

सांडपाणी मंडळात ताई लागल्या तेव्हा त्यांचं टेबल जिन्याखाली होतं आणि काम होतं हजेरीपट भरण्याचं. सत्तावीस वर्षांनी त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. सांडपाण्याच्या विहिरीत उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि गॅस मोजायचं यंत्र मिळालंच पाहिजे, हा नियम त्यांनी सात वर्षं भांडून करून घेतला होता. दाखल्यावर त्यांची सही असल्याशिवाय कोणी झाकण उघडायचं नाही.

त्या भांडणात त्यांच्या बाजूने एकच अधिकारी उभा राहिला, मुख्य अभियंता. दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागलेले. चारचौघांत 'साहेब' आणि 'मॅडम', केबिनचं दार लागलं की 'अरे' आणि 'अगं'. ताईंचे वडील गेले तेव्हा हॉस्पिटलमधली धावपळ त्यानेच केली होती.

एका बुधवारी तो नव्या भरतीतल्या अकरा जणांच्या दाखल्याची फाईल घेऊन आला.

"सही कर. सोमवारपासून यांचं प्रशिक्षण आहे."

"मग झाल्यावर करते की."

"अगं, मी सोमवारपासून दौऱ्यावर. फाईल अडकून बसेल. प्रशिक्षण संपेपर्यंत एकालाही खाली सोडणार नाही. माझा शब्द."

ताईंनी सही केली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मोठा पंप तुंबला. अभियंत्याने अकरापैकी दोघांना विहिरीत उतरवायची परवानगी दिली. एक जण दोरी धरून कसाबसा वर आला. दुसऱ्याला बेशुद्ध अवस्थेत ओढून काढावं लागलं. जीव वाचला, पण जीभ जड झाली आणि उजवा हात थरथरायला लागला.

चौकशी समितीपुढे अभियंता शांतपणे म्हणाला, "प्रशिक्षण झालंय की नाही हे बघणं मनुष्यबळ विभागाचं काम. मी दाखला पाहिला, परवानगी दिली."

बाहेर व्हरांड्यात ताईंनी त्याला गाठलं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"शब्द दिला होतास ना रे?"

"कसला शब्द, मॅडम?" तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते ताईंना त्या एका 'मॅडम'मध्ये कळलं.

दुपारी त्यांचा सहायक दार लोटून आत आला. "ताई, प्रशिक्षणाचा मागच्या तारखेचा हजेरीपट करू. बाकीचे दहा जण सह्या देतील. तुमच्यासाठी कोणी नाही म्हणणार नाही."

ताईंनी लगेच नकार दिला नाही. "उद्या सांगते," म्हणाल्या, आणि हॉस्पिटलात गेल्या.

कामगाराची बायको त्याला चमच्याने पाणी पाजत होती. ताईंना पाहून त्याने उठायची धडपड केली. एकेक शब्द जुळवत म्हणाला, "मी विचारलं होतं... गॅस बघितला का. मुकादम म्हणाला, ताईंची सही आहे. जा बिनधास्त."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ताईंना वाटलं, आपला विश्वासघात झाला म्हणून आपण कुढतोय, आणि याचा कोणी केला?

त्यांनी समितीला लिहून दिलं: प्रशिक्षण झालं नव्हतं, हे ठाऊक असताना मी सही केली. अभियंत्याने काय सांगितलं तेही लिहिलं, पण तोंडी शब्दाला पुरावा कुठला? त्याला लेखी समज मिळाली. ताईंचं पद गेलं, बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली.

नवऱ्याने घरी विचारलं, "तो सुटला आणि तू अडकलीस. काय मिळवलंस?"

"मी अडकले नाही. सही माझीच होती," ताई म्हणाल्या.

महिन्याने प्रशिक्षण खरंच झालं. ताई रजा टाकून शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मधल्या सुट्टीत दहापैकी एक जण वही घेऊन शेजारी येऊन बसला. "तुम्ही न वाचता सही केली होती ना? सगळे तसंच म्हणतात."

"नाही. वाचून केली होती."

तो आपली वही उचलून पुढच्या रांगेत जाऊन बसला. ताई तीनही दिवस शेवटपर्यंत थांबल्या.