जेवणाच्या टेबलाची काच

सुनेने सासऱ्यांच्या पांढऱ्या केसांतून काचेचा आणखी एक दाणा अलगद उचलला आणि बशीत टाकला. दाणा मिठाच्या खड्याएवढा होता.

"आबा, हलू नका. कानामागे अजून आहेत."

आबा हलत नव्हतेच. खुर्चीत ताठ बसून ते समोर बघत होते. समोर जेवणाचं टेबल होतं, म्हणजे त्याची चौकट होती. तिच्यावरची जाड काच मधोमध खचून झोळीसारखी लोंबत होती. काचेच्या खालच्या बाजूला निळी फिल्म चिकटवलेली होती, म्हणून बहुतेक तुकडे जागच्या जागी अडकून राहिले होते. बाकीचे खोलीभर उडाले होते. सोफ्यावर, पायपुसण्यावर, आबांच्या चहाच्या कपात.

बंदूक उडावी तसा आवाज झाला होता, आणि त्याच्या जरासं आधी सुनेची छोटी मुलगी छकुली टेबलाखालून उठून बिस्किट मागायला स्वयंपाकघरात आली होती. टेबलाखाली तिच्या बाहुल्या अजून ओळीने बसलेल्या होत्या. त्यांच्या अंगावर काच होती.

नवरा मोरीतून धावत आला. अर्ध्या गालावर साबण तसाच.

"काय फुटलं? छकुली कुठाय?"

"ती ठीक आहे. माझ्यापाशी होती."

त्याने श्वास सोडला. मग वडिलांकडे वळला. "काय झालं, आबा?"

"मी चष्मा पुसत होतो," आबा म्हणाले. "आणि एकदम..."

"काठी लागली का?"

"काठी?" आबांनी खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं. तिची पितळी मूठ त्यांच्या हाताशीच होती. "नाही. काठी इथेच होती."

"मग काय आपोआप फुटली?"

तो रागावला नव्हता. सहज विचारून गेला. पण प्रश्न विचारून झाल्यावर तिघांचीही नजर काठीकडे गेली.

आबा आयुष्यभर कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचे आणि आबा त्यांचा शब्द न् शब्द टिपायचे. घरात कुणाला काही आठवेनासं झालं की ते आबांना विचारायचं, ही जुनी रीत होती. अलीकडे मात्र एकदा त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, आणि एकदा दुधाचं भांडं करपून काळं होईपर्यंत गॅस चालू राहिला होता. दोन्ही वेळा सगळे हसले होते. काच फुटल्यानंतर त्या गोष्टींवर कुणी हसेना.

"तुम्ही उठायला गेला असाल," मुलगा रात्रीच्या जेवणाला म्हणाला. ताटं मांडीवर घेऊन सगळे सोफ्यावर बसले होते. "तोल सावरायला काठी उचलली असेल. मूठ काचेवर आपटली असेल."

"होतं असं कधीकधी," सून म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आबा."

आबांनी घास तोंडाशी नेला, मग खाली ठेवला.

शेजारीण विचारायला आली तेव्हा सुनेने दारातच सांगितलं, "आबांची काठी लागली." दूधवाल्याला सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितलं. मुलाने फोनवर बहिणीला सांगितलं. घर लहान होतं, सगळं आतल्या खोलीत ऐकू जायचं. सुरुवातीला आबा गप्प असत. नंतर ते "लागली असेल" म्हणू लागले. आणि एका दुपारी मुलाची मावशी भेटायला आली, तेव्हा त्यांनी आपणहूनच सगळं सांगितलं.

"उठताना तोल गेला," ते म्हणाले. "काठी वर आली, आणि मूठ थेट काचेवर. टण्ण असा आवाज झाला बघ आधी. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मग फुटली."

चहाचा ट्रे घेऊन सून दारात उभी होती. तिला हायसं वाटलं. माणसाने एकदा मान्य केलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

पुढचंही आबाच बोलले. "छकुलीला माझ्याजवळ एकटीला ठेवत जाऊ नका."

मुलगा काहीतरी समजूत घालू लागला, पण त्यांनी हातानेच थांबवलं. त्यानंतर छकुली आजोबांच्या खोलीकडे धावली की कुणीतरी तिला मधेच उचलून घेई. शहराबाहेर ज्येष्ठांसाठी एक चांगलं घर होतं, तिथे डॉक्टर चोवीस तास असत. मुलाने तो विषय कसाबसा काढला, तर आबा लगेच "बरं" म्हणाले. जायचा सोमवार ठरला. त्यांनी स्वतःच बॅग भरली.

आदल्या दिवशी, रविवारी, सुनेची शाळेतली मैत्रीण जेवायला आली. जाड भिंगांमुळे तिला शाळेत चष्मिश म्हणत, आणि सून अजूनही तेच म्हणायची. ती काचेच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. हात धुवून ती बाल्कनीत टॉवेल घ्यायला गेली आणि तिथेच थांबली.

"अगं, ही काय काच ठेवलीयेस इथे?"

"भंगारवाला नेत नाहीये. जेवणाच्या टेबलाची. आबांची काठी लागली."

चष्मिश उकिडवी बसली. फिल्मवर चिकटलेली ती अख्खी काच भिंतीला टेकवून ठेवलेली होती. हजार तुकडे, पण नकाशासारखे जुळलेले.

"आबा कुठे बसतात?"

"ह्या बाजूला. हे बघ ना, छकुलीने त्यांच्या जागेवर बदकाचं स्टिकर लावलंय."

चष्मिशने बदकापाशी बोट ठेवलं. मग एका भेगेवरून ते मागे मागे नेत गेली, जसं फांदीवरून खोडाकडे जावं. दुसरी भेग घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक वेळी बोट एकाच ठिकाणी पोचलं: बदकापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात.

"आबांचा हात इतका लांब आहे?" तिने विचारलं.

सून हसली नाही. तिने नवऱ्याला हाक मारली.

तिघं वाकून बघत होती. त्या कोपऱ्यात दोन तुकडे इतरांहून मोठे होते, एकमेकांना चिकटलेले, फुलपाखराने पंख पसरावेत तसे. चष्मिशने पर्समधून भिंग काढून त्यांच्या मधल्या रेषेवर धरलं. काचेच्या जाडीत, अगदी आत, एक काळसर ठिपका होता. टाचणीच्या टोकाहून लहान.

"ही कुणी फोडलेली नाही," ती म्हणाली. "घाव बसला असता तर वर चुरा झालेली खूण असती. ही आतून फुटलीय."

"आतून कशी फुटेल?" मुलाने विचारलं.

"पत्रा वाकतो, बरोबर? कारण धातूतले अणू एकमेकांवरून सरकू शकतात, सरकूनही धरून राहतात. काचेत तसं नाही. प्रत्येक अणूने आपला शेजारी घट्ट धरलेला असतो आणि सरकायला वावच नसतो. एक तर धरून राहायचं, नाहीतर तुटायचं. त्यातून ही कडक केलेली काच. तापवून एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसायला बघतो आणि त्याला आकसता येत नाही. त्यामुळे ही काच मजबूत असते, पण आतून जन्मभर ताणलेली असते."

"आणि हा ठिपका?"

"निकेल आणि गंधक. काच वितळवताना चुकून आलेला कण. भट्टीच्या उष्णतेत त्याचे अणू दाटीने बसतात. थंड झाल्यावर त्यांना ऐसपैस बसायचं असतं, पण काच इतक्या पटकन गार करतात की वेळच मिळत नाही. मग घरात आल्यावर, हळूहळू, वर्षानुवर्षं ते सरकत राहतात. कण केसभर फुगतो. आणि तो नेमका त्या ताणलेल्या भागात असला, की एक दिवस कुणी हात न लावता..." तिने मूठ उघडून दाखवली.

रोज त्या टेबलाखाली खेळणारी मुलगी सुनेच्या डोळ्यांपुढे आली, आणि लगेच आबांची भरलेली बॅग आली. तिने मागे वळून पाहिलं.

आबा बाल्कनीच्या दारात उभे होते. केव्हापासून, कुणाला माहीत नव्हतं.

"आबा, ऐकलंत?" मुलगा पुढे झाला. "तुम्ही काहीच केलं नव्हतं. काहीच नाही."

"ऐकलं," आबा म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मुलाने त्यांना धरून आत खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. उद्याचं येणं रद्द म्हणून त्याने तिथल्या तिथे त्या संस्थेला फोन केला, दोनदा माफीही मागितली. छकुलीला उचलून त्याने आजोबांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी तिला सावरलं नाही. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवरच राहिले. सुनेने चटकन पुढे होऊन मुलीला उतरवून घेतलं.

"आबा, आमच्यावर रागावलात ना?" ती म्हणाली. "तुमचा हक्कच आहे."

"राग नाही गं." ते चष्मिशकडे बघत होते. "कुणाचाच धक्का नाही? अगदी हलकासुद्धा?"

"नाही, काका. नक्की नाही."

आबांनी आपला उजवा हात उचलला, उघडला, मिटला. मग डाव्या हाताने कोपर चाचपलं.

"मला तर मूठ आपटलेली आठवते," ते म्हणाले. "आवाज आठवतो. इथपर्यंत झिणझिण्या आलेल्या आठवतात. मावशीला सांगितलं तेव्हा मी एक शब्द खोटा बोललो नाही. मग ते आलं कुठून?"

चष्मिशने भिंग पर्समध्ये ठेवलं आणि ती गुपचूप छकुलीचा हात धरून दुसऱ्या खोलीत गेली. मुलगा फोन हातात घेऊन उभाच राहिला.

सून खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"आमच्याकडून," ती म्हणाली. "तुम्ही नाहीच म्हणत होता, आबा. आम्हीच रोज तेच तेच बोलत राहिलो. तुमच्या देखत."

आबा पुढे वाकले. किती दिवसांनी त्यांनी तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"हे तुला आठवतंय," त्यांनी हळूच विचारलं, "की आता तसं वाटतंय?"

सून उत्तर द्यायला गेली. शब्द ओठांवर होता. मग आबांचं ते 'नाही' आपण खरंच ऐकलं होतं का, याचीच तिला खात्री वाटेना, आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.