टी-शर्टांचा डगला

यज्ञेश्वरला फुकटच्या टी-शर्टचं भारी वेड. सोलापुरात कुठंही रक्तदान शिबिर लागलं की हा बाह्या सरसावून हजर. बाटलीभर रक्त द्यायचं आणि छातीवर घोषणा छापलेला पांढरा टी-शर्ट घेऊन यायचं, आणि सौदा आपल्याच फायद्याचा झाला असं त्याला मनापासून वाटायचं. वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम, चाळिशीपुढच्यांचे क्रिकेट सामने, काहीही वर्ज्य नव्हतं. एका वर्षी गड्ड्याच्या जत्रेत स्वयंसेवक म्हणून उभा राहिला, तेव्हाच्या टी-शर्टवर पाठीमागं ठसठशीत छापलं होतं, ‘काही अडलं? मला विचारा.’ तो घालून हा घरभर हिंडायचा आणि स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय ते बायकोला, निवेदिताला विचारायचा.

गेल्या माघात तो कॉलेजच्या ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसला, तो उठलाच नाही. चव्वेचाळिसावं चालू होतं. निवेदिता रडली नाही. शुक्रवार पेठेतल्या बायका भेटायला यायच्या, तिच्या कोरड्या डोळ्यांकडं बघायच्या आणि जिना उतरताना कुजबुजायच्या. पंधराव्या दिवशी तिनं शिलाई मशीनवरचं कापड काढलं आणि गिऱ्हाइकांचे राहिलेले ब्लाऊज शिवायला घेतले. तिला दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच झालं होतं. शेंगाचटणी तिखट झालीय हे तिला लेकीनं, उर्वीनं घटाघटा पाणी प्यायल्यावर कळायचं.

दिवाळी झाली तरी कपाटात टी-शर्टांची चळत तशीच होती. तिची नणंद लीला म्हणाली, “वहिनी, वाकळ शिवा की. पोरीच्या अंगावर राहील.” जुनी लुगडी अशी वाकळीत घालायची रीतच आहे आपल्याकडं. पण उर्वीनं मान हलवली. अकरा वर्षांची पोर, पण एकदा मान हलली की विषय संपला.

“वाकळ नको. मला कराटेचा डगला शिव. पट्ट्याच्या परीक्षेला तोच घालणार.”

“तो तयार मिळतो की.”

“तो बाबांचा नसतो.”

निवेदितानं वाद घातला नाही. वाद घालायलाही आत काहीतरी शिल्लक लागतं. तिनं आठ टी-शर्ट उसवले आणि कापायला घेतले, मात्र छापील अक्षरं सगळी आतल्या बाजूला घेतली.

“अक्षरं वर ठेव ना, आई.”

“परीक्षेला पांढराशुभ्रच लागतो,” ती म्हणाली. तसं तिला कुणीही सांगितलं नव्हतं. तिला ती अक्षरं डोळ्यांसमोर नको होती, एवढंच.

टी-शर्टचं कापड सुईखाली ताणतं, वळवळतं, पण वीस वर्षं बायकांच्या नाना तऱ्हा सांभाळलेला हात तो. दुमडून दुहेरी टीप घातली. डगला उलटा करून बघितला तरी शिवणीला नाव ठेवता येऊ नये, ही तिची जुनी खोड. चार दिवसांत काम झालं. हात शिवत होते आणि बाई दुसरीकडंच कुठंतरी बसली होती.

रविवारी सकाळी परीक्षा. शाळेच्या हॉलमध्ये पोरं रांगेत उभी, आईबाप भिंतीकडंला सतरंजीवर. कराटे शिकवणारे तौसिफ सर एकेकाचा पट्टा नीट करत उर्वीपाशी आले आणि थबकले. त्यांनी निवेदिताला खुणेनं बोलावलं.

“ताई, शिवलंय झकास. पण ही उजवी बाजू वर आली की हो. डावी वर पाहिजे.”

“उजवी वर आली तर काय होतं?”

सर उर्वीकडं बघून घुटमळले. उत्तर उर्वीनंच दिलं. “तिकडं जपानमध्ये उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला घालतात. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.”

ब्लाऊजची उजवी बाजू वर, हूक उजवीकडं. वीस वर्षांत हजारो ब्लाऊज तसेच गेले होते आणि इथंही हात सवयीनं तसाच गेला होता. शिवाय कापड वाचवायला तिनं डावी बाजू ब्लाऊजच्या खालच्या पट्टीसारखी अरुंद कापली होती. ती ओढून वर घ्यावी तर मधोमधही पोचत नव्हती, पट्ट्यातून सुटत होती.

“राहू दे, बेटा,” सर म्हणाले. “माझ्या बॅगेत साधा टी-शर्ट आहे. तो घाल. परीक्षा काय थांबत नाही.”

उर्वी रडली नाही. हट्ट नाही, पाय आपटणं नाही. “चालेल,” म्हणाली आणि पट्ट्याची गाठ सोडायला लागली. चेहरा कोरडा ठक्क. निवेदिता त्या चेहऱ्याकडं बघत राहिली. नऊ-दहा महिने रोज सकाळी आरशात ती तोच चेहरा बघत होती. आणि ती घाबरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी झालं, आणि ती भीती होती.

खरं तर उपाय तिला सरांनी तोंड उघडलं तेव्हाच सुचला होता. कुठल्याही शिंप्याला सुचेल. कपडा उलटा केला की उजवी बाजू डावी होते. सुचूनही ती गप्प राहिली होती, कारण उलटा केला की अक्षरं बाहेर येणार होती.

“सर, दोन मिनिटं द्या,” ती म्हणाली.

पोरीला तिनं जिन्याखाली नेलं, डगला काढला आणि बाह्या ओढून उलटा केला. परत अंगात घालून रुंद बाजू अरुंद बाजूवर घेतली. आता डावी वर होती. पट्टा आवळला. छातीवर रक्तदान आलं, खांद्यावर अर्धं वृक्षारोपण, बाहीवर क्रिकेटच्या चषकाची मूठ. उर्वी मान खाली घालून एकेक वाचत होती. वाचता वाचता तिचे डोळे भरले, तेव्हा निवेदिताला बरं वाटलं.

“सर चालवून घेतील?”

“विचार त्यांना.”

सरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. “डावी वर आहे ना? मग झालं,” म्हणाले आणि यादी उचलली. “उर्वी यज्ञेश्वर!”

उर्वीनं डोळे पुसले आणि आईकडं पाठ करून हॉलच्या मध्यापर्यंत चालत गेली. पाठीचं कापड निवेदितानं अखंड ठेवलं होतं. एवढा मोठा, न विटलेला तुकडा त्या एकाच टी-शर्टचा निघाला होता, आणि कापताना तिनं तो मुद्दाम पालथा घातला होता. आता तो खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ समोर होता.

काही अडलं? मला विचारा.

विचारायचं बरंच साठलं होतं. पोरीला एकटीनं कसं वाढवायचं ते विचारायचं होतं. ऑफिसात त्या सकाळी छातीत दुखत होतं का, दुखत होतं तर फोन का नाही केला, हेही विचारायचं होतं. निवेदितानं तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं हो?” भरल्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसून, ती हमसून हमसून रडत होती.